बायडाबाईंची न दिलेली जाहिरात

पहाटे उठल्याशिवाय कादंबरी होत नाही, असं जयसिंग सर म्हणतात. मी चार वर्षं पहाटे पाचला उठतोय. त्यातून मला पित्ताचा त्रास झाला, कादंबरी झाली नाही.

सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या तीन कादंबऱ्या छापून आल्यात आणि दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते आमच्यासारख्या सात-आठ हौशी लोकांना शिकवतात. फी नाही, पण बोलणी खावी लागतात. त्यांचे नियम ठरलेले. रोज दोन पानं लिहायची, सुचो न सुचो. लिहिलेलं आठवडाभर उघडून बघायचं नाही. आणि प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं, ते कळल्याशिवाय त्याच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही. माझी पानं वाचून झाली की ते चष्मा काढायचे.

"विश्वजित, भाषा बरी हाय तुझी. पण ह्या माणसास्नी पाहिजे काय? सगळी नुसती चहा पीत बसल्यात."

मला भयंकर राग यायचा. मी एका दैनिकाच्या कचेरीत छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर बसतो. भाड्याने देणे, स्थळ पाहिजे, नावात बदल आणि निधन वार्ता. लोक नुसतं नाव-गाव सांगतात, मजकूर मीच लिहितो. पंधरा वर्षांत काही हजार माणसं मी चार-चार ओळींत बसवलीत. सगळी मनमिळाऊ, सगळी कष्टाळू, सगळ्यांच्या पश्चात मोठा परिवार. आणि हे गृहस्थ मला सांगणार, की मला माणसं कळत नाहीत!

सरांनी एकदा सराव दिला. रोज एक अनोळखी माणूस बघायचा आणि त्याला काय हवंय ते एका ओळीत लिहायचं. बाकीचे लोक एसटी स्टँडवर गेले, मंडईत गेले. मी हट्टानं पंचगंगेच्या स्मशानभूमीत गेलो.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडून नैवेद्य ठेवतात आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघतात. कावळा लगेच शिवला तर माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग घरचा एकेक जण हात जोडून पुढे होतो आणि ती इच्छा ओळखायचा प्रयत्न करतो. थोरल्याचं लग्न करतो म्हणतो, म्हशी विकत नाही म्हणतो, भावाशी बोलतो म्हणतो. म्हणजे जयसिंग सरांचा प्रश्न सगळी भावकी मिळून मेलेल्या माणसाला विचारते. मला वाटलं, यापेक्षा चांगली शाळा कुठे मिळणार? कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, ते मला खिडकीवर आदल्या दिवशीच कळायचं. सकाळी जाऊन मागे उभं राहायचं, ऐकायचं, वहीत टिपायचं आणि दहाला कामावर जायचं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

जानेवारीत अमरसिंह नावाचा एक माणूस आईच्या निधनाची बातमी द्यायला आला. बरोबर म्हातारी आत्या होती. आईचं नाव बायडाबाई, वय बहात्तर. मी लिहीत गेलो, पश्चात मुलगा, सून, दोन नातवंडे.

"आरं, संयोगिताचं नाव?" आत्या म्हणाली.

"न्हाय घालायचं," अमरसिंह म्हणाला. तो दाराबाहेर फोनवर बोलायला गेला तेव्हा आत्यानं मला हळूच सांगितलं, की लेक एकोणीस वर्षांपूर्वी पळून गेली, दुसऱ्या जातीत लग्न केलं, तेव्हापासून त्या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. मी ओळ पुरी केली आणि पावती फाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचगंगेवर हजर. नैवेद्य ठेवून दीड तास झाला तरी कावळा शिवेना. शेडच्या पत्र्यावर दहा-बारा कावळे बसलेले, एकही खाली उतरायला तयार नाही. अमरसिंहानं नातवांचं शिक्षण कबूल केलं. सुनेनं चुकलं-माकलं माफ करा म्हटलं. आत्यानं सगळ्यांना देवाला नेऊन आणतो म्हटलं. ऊन चढलं, कामाला जाणारे लोक घड्याळं बघायला लागले. अमरसिंहाचा चेहरा पार उतरला होता. चारचौघांत आई त्याच्यावर नाराज ठरत होती.

आणि मी बोललो. का बोललो, ते हजारदा स्वतःला विचारलंय. दया आली हे खरं आहे. पण त्याच्याही आधी मला उत्तर सुचलं होतं आणि ते तोंडातून बाहेर पडायला धडपडत होतं, हे जास्त खरं आहे.

"मुलीला बोलवा," मी मागून म्हणालो.

सगळे वळले. "तुम्ही कोण, पावणं?" अमरसिंहानं विचारलं.

"पेपरच्या कचेरीतला. कालच आलता की तुम्ही." आणि मग सरांनी चार वर्षं घोकून घेतलेलं सगळं माझ्या मदतीला धावून आलं. खरं वाटायला हवं असेल तर एक बारीक गोष्ट सांगावी, मोठी नाही. "आई गेल्या दिवाळीत माझ्या खिडकीवर आल्या होत्या. एकट्याच. जाहिरात द्यायची म्हणाल्या. कागदावर लिहून आणलं होतं, संयोगिता, असशील तिथून घरी ये. मी कागद हातात घेतला आणि त्यांनी तो परत ओढून घेतला. नगं म्हणाल्या, पोराला आवडायचं न्हाय. आणि गेल्या."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बायडाबाईंना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

अमरसिंह खाली बसला. मोठ्यानं रडत म्हणाला, "बोलवतो, आई. आजच बोलवतो." आणि पत्र्यावरचा एक कावळा उतरला, चार पावलं चालला आणि भाताला शिवला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आत्यानं माझ्या पाया पडायला हात पुढे केला. मी घाईघाईनं वही खिशात घालून तिथून निघालो. गंगावेशीच्या चौकापर्यंत भराभर चालत गेलो. दीड तास समोर भात असल्यावर कावळा कधीतरी उतरणारच, असं मी मला बजावत होतो. तरी मला आनंद झाला होता. एका माणसाला काहीतरी हवंय असं मी पहिल्यांदाच रचलं होतं आणि लोकांनी ते मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोन पानांऐवजी नऊ पानं लिहिली. एका म्हातारीची. ती जाहिरातीचा कागद घेऊन घरातून निघते, तिथून सुरुवात. चार वर्षं नुसती चहा पीत बसलेली माझी माणसं कुठल्या कुठे गेली. रविवारी सरांनी ती पानं दोनदा वाचली. "हिला पाहिजे हाय कायतरी," ते म्हणाले. "आता हिला सोडू नगंस." ती म्हातारी कुठून आली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, खिडकीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, अंगानं बारीक, खांद्यावर कापडी पिशवी.

"मी संयोगिता. कागलला असतो. माझी आई तुमच्याकडं आलती म्हणं."

आमच्याकडच्या बायका 'मी असतो, मी आलो' असंच म्हणतात. अमरसिंहानं तिला बाराव्याला बोलावलं होतं. तिचं कागलात शिवणकामाचं दुकान, गुरुवारी ती अस्तर, धागे, बटणं घ्यायला कोल्हापुरात येते. मला वाटलं, आता खरं सांगून टाकावं. पण तिनं विचारलं, "कुठलं लुगडं नेसलती?"

"हिरवं," मी म्हणालो.

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माझं बाळ कसं असंल कुणास ठाऊक."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवून गेली. पुढच्या गुरुवारी परत आली. आई किती वेळ बसलेली? पाणी मागितलं का? कागद कसला होता, वहीचा का कॅलेंडरचा? दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी ती यायची आणि मी तिला आईचं एकेक वाक्य द्यायचो. आदल्या दिवशी पहाटे लिहून ठेवलेलं. लाडाचं, मायेचं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं. चार वर्षांत सरांना जे जमलं नाही, ते या बाईनं चार गुरुवारांत माझ्याकडून करून घेतलं. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी नवं वाक्य तयार असायचं.

मार्चच्या सुरुवातीला माझी बायको मोना पहाटे उठून स्वयंपाकघरात आली. मी ओट्याशेजारच्या टेबलावर लिहीत होतो. "मिस्री कोण भाजतंय?" तिनं विचारलं. घरात दातांना मिस्री लावणारं कुणी नाही. शेजारीही नाही. पण वास होता, तव्यावर तंबाखू करपवल्याचा, नाकात जाणारा. मलाही तो आठवडाभर येत होता आणि मी बोललो नव्हतो. मोनानं खिडक्या उघडल्या, गॅस तपासला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत जाऊन झोपली. त्यानंतर ती पहाटे स्वयंपाकघरात येईनाशी झाली.

त्याच दिवशी मी लिहीत होतो, बायडाबाई देवापुढे बसून म्हणाल्या, आणि पुढे मला लिहायचं होतं, 'माझ्या लेकीला सुखी ठेव.' हातानं लिहिलं, 'मी तिला बोलावलं न्हाय.'

मी ते खोडलं. परत लिहायला घेतलं. परत तेच आलं. अक्षर माझंच होतं, घाईचं, उजवीकडे कललेलं. कुणी हात धरला होता असं काही नाही. पण माझ्या डोक्यात जे वाक्य नव्हतं ते कागदावर होतं आणि वाचल्यावर असं वाटलं, की ही बाई आत्ता पहिल्यांदा तोंड उघडतेय. आधीची दीड-दोन महिन्यांची गोड बोलणी एकदम दुसऱ्याच कुणाचीतरी वाटायला लागली. माझी.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. 'मी तिला बोलावलं न्हाय. तुला कुणी सांगितलं? मला काय पाहिजे हुतं ते एका मेल्यानं इचारलं न्हाय, आनि तू सांगून मोकळा झालास.' मी लिहायचं बंद केलं. चार वर्षांत पहिल्यांदा पहाटे अंथरुणात पडून राहिलो. वास अंथरुणापर्यंत आला.

शेवटी मी जयसिंग सरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. पंचगंगा, कावळा, खोटी जाहिरात, गुरुवार, सगळं. सर भुता-खेतांवर विश्वास ठेवणारे नाहीत. त्यांच्या घरात श्राद्ध, कावळा असलं काही करत नाहीत, हे ते पहिल्यापासून सांगत आलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि असे चिडले की त्यांच्या सुनेनं आतून डोकावून बघितलं.

"कावळ्याला भूक लागलती, त्यात कावळ्याचा दोष न्हाय. दोष तुझा हाय. मी तुला पात्राला काय पाहिजे ते शोधायला सांगितलं, चिकटवायला न्हाय!"

"आणि ती पानं, सर? ती कोण लिहितंय?"

त्यांनी चष्मा काढला. "तूच लिवतोयस," ते म्हणाले. "पण पात्र ऐकंनासं झालं की त्याचं ऐकायचं असतं. ती काय म्हणत्या ते लिही. आणि त्या पोरीला खरं सांग. ही दोन्ही कामं एकच हाईत."

मी परत पहाटे बसायला लागलो. बायडाबाई बोलत होत्या आणि मी खोडत नव्हतो. फार बोलायच्या नाहीत. दोन ओळी, तीन ओळी, त्याही शिव्या घालून. मी घाबरलो होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. टेबलावर बसताना मी पाठ भिंतीला लावून बसायचो. पण संयोगिताला सांगायचं धैर्य काही होईना. तिला एकोणीस वर्षांनी आई मिळाली होती, ती मी दिलेली होती, आणि ती परत कशी घ्यायची ते कळत नव्हतं.

एप्रिलमधल्या गुरुवारी ती आली तेव्हा तिनं प्रश्न विचारला नाही. पिशवीतून कोरा कागद काढून खिडकीतून आत सरकवला.

"आईनं लिवलेला मजकूर ह्याच्यावर लिवून द्या. जशाच्या तसा. तिच्या नावानं छापायचा हाय. सगळ्यांनी वाचलं पाहिजे की तिनं मला बोलावलंतं. सासरच्यांनी, माहेरच्यांनी, गल्लीतल्या सगळ्यांनी."

मी कागदाकडे बघत बसलो. चार ओळींची जाहिरात. उद्या सकाळी ती घराघरांत गेली असती आणि मग ती कुणालाच पुसता आली नसती. मेलेल्या बाईला कायमचं माझं बोलणं बोलावं लागलं असतं. मी शेजारच्या सहकाऱ्याला खिडकी सांभाळायला सांगितलं आणि संयोगिताला आत बाकावर नेऊन बसवलं.

"तुमची आई माझ्याकडे आली नव्हती," मी म्हणालो. "मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी रचून सांगितलं. हिरवं लुगडं, कागद, बाळ, सगळं."

मला वाटलं ती ओरडेल. मारेल. ती नुसती पिशवीचा बंद पिळत राहिली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं. आईनं उभ्या जन्मात कुणाला बाळ म्हटलं न्हाय. मला न्हाय, अमरला न्हाय, नातवास्नी न्हाय."

"मग का येत होता?"

"चांगलं वाटायचं ऐकायला." तिनं बंदाला आणखी एक पीळ दिला. "आणि मला म्हाईत असलं म्हणून काय झालं? लोकास्नी न्हवतं की म्हाईत."

मी बॅगेतून गेल्या महिनाभरातली पानं काढली. ती दाखवावीत का नाही, याचा मी विचार केला नाही. विचार केला असता तर दाखवली नसती. "खोटं मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "हे मी लिहिलं का, ते मला सांगता येत नाही."

तिनं पहिलं पान वाचलं. 'मी तिला बोलावलं न्हाय.' तिच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू तिचा चेहरा बदलला. ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं तसा. दुसरं पान वाचताना ती शिव्यांना एकदा हसलीसुद्धा. तिसऱ्या पानावर थांबली. तिथे दोनच ओळी होत्या, मंगळवारी आलेल्या. मला त्यांचा अर्थ लागला नव्हता.

'चपला हातात घिऊन गेली. मी मागच्या दारात उभारलोतो. वळून बगितलं न्हाय.'

संयोगितानं पान मांडीवर ठेवलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"आवाज हुईल म्हणून मी चपला हातात घेतलत्या. हे मी नवऱ्यालाबी कधी बोललो न्हाय." ती माझ्याकडे बघत होती, पण मला विचारत नव्हती. "म्हणजे ती जागी होती? ती जागी होती आणि तिनं मला जाऊ दिलं?"

बाहेर सहकारी कुणालातरी जीएसटी समजावून सांगत होता. आत, त्या पंख्याखाली, मिस्रीचा वास आला. मला आला, आणि संयोगितानं मान वर करून श्वास आत घेतला, तेव्हा तिलाही आला हे मला कळलं. "आईची मिस्री," ती पुटपुटली.

तिनं तो जाहिरातीचा कोरा कागद माझ्या गुडघ्यावर ठेवला. "लिवा," ती म्हणाली. "इचारा तिला. हाक का मारली न्हाईस म्हणावं."

मी पेन काढलं. प्रश्न लिहिला. त्याखाली पेन टेकवलं आणि थांबलो.

एक मिनिट गेलं, पाच गेली. माझ्याकडे उत्तर तयार होतं. तू सुखी व्हावीस म्हणून मारली नाही. कुणीही रडलं असतं असं उत्तर, आणि माझ्या हाताला ते इतकं सोपं होतं की बोटं नुसती शिवशिवत होती. संयोगिता पेनच्या टोकाकडे टक लावून बसली होती. तिनं आशेनं ओठ किंचित उघडले होते. मला तिची फार दया आली. तरी मी ते उत्तर लिहिलं नाही. वास तसाच होता. ती बाई तिथे होती आणि लेकीसमोर तोंड उघडत नव्हती.

मी लिहिलं, 'ती काही बोलली नाही.'

संयोगितानं ती ओळ वाचली. "व्हय," ती म्हणाली. "अशीच गप बसायची." मग तो कागद छातीशी धरून ती ढसाढसा रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की खिडकीवरची माणसं वाकून आत बघायला लागली. मी तिला रडू दिलं. पेन मात्र हातातून खाली ठेवलं नाही.